ठिपका चार बोटं वर

गंधार : म्हणजे सही करणार नाही, असंच ना सर?

मार्तंड : तसं म्हटलंय का मी? पेन दे इकडे. फक्त ते वाक्य परत एकदा वाचून दाखव. चष्मा घरी राहिलाय.

गंधार : चष्मा तुमच्या खिशात आहे.

मार्तंड : असू दे. तुझ्या तोंडून ऐकायचंय.

गंधार : “मी, मार्तंड देवचके, निवृत्त विज्ञानशिक्षक, पारनेर, असे लिहून देतो की आज माझ्यासमोर झालेल्या चाचणीत गंधार रंगनाथ यांच्या यंत्राने कोणतेही इंधन बाहेर न फेकता दीडशे मिलिग्रॅम वजनाइतका जोर लावला.” बास. एवढंच तर आहे.

मार्तंड : “जोर लावला.” हे मी पाहिलं का रे?

गंधार : पाच मिनिटांपूर्वी! माझ्याशेजारी, याच स्टुलावर बसून.

मार्तंड : मी काय पाहिलं ते सांगतो. दांडीच्या मधोमध आरसा आहे. आरशावर लाल उजेड पडतो, त्याचा ठिपका समोरच्या भिंतीवर दिसतो. तू बटण दाबलंस आणि दहा मिनिटांत तो ठिपका चार बोटं वर चढला. एवढं लिही, आत्ता सही करतो. मराठीत करतो, इंग्रजीत करतो, हवा तर अंगठा देतो.

गंधार : ठिपका चढला म्हणजे दांडीचं हे टोक वर गेलं. टोक वर गेलं म्हणजे त्याला कोणीतरी उचललं. त्या टोकाला माझ्या यंत्राशिवाय आहे काय?

मार्तंड : तेच तर मला माहीत नाही.

गंधार : सर, सोमवारी बंगळुरूला परिषद आहे. वीस मिनिटं दिलीत मला. नोकरी सोडून आठ महिने मी या पत्र्याच्या खोलीत बसलोय, शेजारी कारभारीकाकांची कांद्याची चाळ, वासानं डोळे चुरचुरतात. मला एक साक्षीदार हवाय, आणि तोही ज्यानं मला न्यूटन शिकवला तो. दुसऱ्या कोणाची सही मला नकोच आहे.

मार्तंड : म्हणून तर इतका वेळ लावतोय. दुसऱ्याचं असतं तर करूनही टाकली असती.

कारभारी : आत येऊ का? का अजून काय उडतंय आत?

गंधार : या काका. बंद आहे आता.

कारभारी : च्या घ्या. सर, तुमचा बिनसाखरेचा. आमच्या मंडळीनं, छबूनं, दोनदा बजावलंय, कप अदलाबदल करू नका म्हनून. मग? उडालं का न्हाई आमच्या धाकट्या बुवांचं इमान?

गंधार : विमान नाही हो काका. कितीदा सांगू?

कारभारी : आता सर हायेत तर सरांसंगट मला बी सांग. संध्याकाळी कीर्तनात तुझा सत्कार हाय, लोक मला इचारत्यात, कारभारी, तुज्याच खोलीत चाललंय, हाय काय ते? मी नुसती मान हलीवतो.

गंधार : बघा. रॉकेट वर जातं ते मागं धूर फेकतं म्हणून. जेवढ्या जोरानं मागं फेकेल तेवढ्याच जोरानं पुढं जाईल. पण फेकायला सामान न्यावं लागतं, आणि ते संपतं. माझं यंत्र काही फेकत नाही. हा तांब्याचा बंद डबा आहे, एका बाजूला रुंद, एका बाजूला निमुळता. आत ओव्हनमधल्यासारख्या लहरी सोडायच्या. त्या आतल्या आत आपटतात, आणि डबा निमुळत्या बाजूकडं ढकलला जातो. नुसत्या विजेवर. सूर्य आहे तोवर चालत राहील.

कारभारी : म्हंजी टेम्पोत बसून, आतनंच टेम्पो ढकलायचा?

मार्तंड : शाबास कारभारी! परीक्षेला बसला असता तर पैकीच्या पैकी दिले असते.

गंधार : सगळे हेच म्हणतात. टेम्पो, बैलगाडी, स्वतःच्या शेंडीला धरून स्वतःला उचलणं, सगळं ऐकून झालंय माझं. पण नियम माणसांनी बसवलेत ना सर? प्रयोग त्यांच्या विरुद्ध गेला तर नियम बदलायचा, असं तुम्हीच शिकवलंत. नववी ब, खिडकीजवळचा बाक.

मार्तंड : शिकवलं. आणि त्याच्या पुढचं वाक्य त्या दिवशी घंटेत बुडालं असणार. नियम बदलण्याआधी तराजू तपासायचा. बाहेरच्या देशांत मोठमोठ्या प्रयोगशाळांनी असले डबे टांगले. आधी म्हणाले, ढकलतंय. पुढं कोणी जास्त निगुतीनं मोजलं, तर ढकलणारा डबा नव्हता. कुठं विजेच्या तारेचा ताण होता, कुठं तापून वाकलेली पट्टी होती.

गंधार : ते सगळं मी वाचलंय. म्हणून तारा केसासारख्या बारीक घेतल्या. पंखा बंद, दार बंद. गरम हवेनं हलू नये म्हणून सगळ्याला ही काचेची पेटी घातली. अजून काय करू?

कारभारी : एक करा. सरांच्या हातावर नारळ ठिवा.

मार्तंड : काढलंत? मला वाटलंच, चहाबरोबर हा येणार.

गंधार : कसला नारळ?

कारभारी : आरं, तुला न्हाई म्हाईत? तुज्या जन्माच्या आधीचं हाय. सर नवीन नवीन आल्ते शाळंवर. आमच्या आबांना बोअर घ्यायचं हुतं. त्या टायमाला पानी बघायची रीत म्हंजी तळहातावर नारळ आडवा ठिवायचा नि रानातनं चालायचं. जितं पानी तितं नारळ उभा ऱ्हातो. सर म्हनले, मला करून बघू द्या.

मार्तंड : उत्सुकता होती हो.

कारभारी : बांधाच्या कडंला, बाभळीखाली, नारळ टपकन उभा! आख्खं गाव गोळा झालं. सायन्सच्या मास्तरच्या हातावर उभा ऱ्हायला म्हनल्यावर कोन शंका घेनार? दोनशे ऐंशी फूट गेलो. नुसता फुफाटा. आमची म्हातारी म्हनायची, निदान नारळ तरी फोडून खायचा हुता.

मार्तंड : हसू नकोस गंधार. मी हात हलवला नव्हता. आजही देवाची शपथ घेऊन सांगेन, नव्हता हलवला. पण हात हलला. आबांना पाणी लागावं असं मला इतकं मनापासून वाटत होतं, की ते माझ्या बोटांना कळलं आणि मला कळलंच नाही.

गंधार : कळलं नाही, हे तुम्हाला कशावरून कळलं?

मार्तंड : पुढच्या महिन्यात डोळे बांधून घेतले. शाळेमागून पाण्याची मोठी पाइपलाइन जाते, तिच्यावरून चालवा म्हटलं, आणि ती कधी ओलांडली ते मला सांगू नका. सात फेऱ्या मारल्या. नारळ मेल्यासारखा पडून राहिला. आठव्या फेरीला डोळ्यांवरचा पंचा सरकला, पाइप दिसला, आणि नारळ लगेच उभा राहिला.

कारभारी : तवापासनं सर नारळ खाली ठेवूनच देवाला नमस्कार करत्यात.

मार्तंड : करा थट्टा. त्या फुफाट्याची मला अजून लाज वाटते.

गंधार : पण इथं माझा हात कुठं आहे सर? मी तर पेटीला शिवतही नाही. आणि खरं सांगू? राग येऊ देऊ नका. तुम्ही रोज संध्याकाळी कीर्तनात पुढं बसता. कीर्तनकारांनी नाम घेतलं की तुमचे डोळे वाहायला लागतात. तिथं कधी तराजू मागितलात? तिथं विश्वास, आणि तुमच्या विद्यार्थ्याच्या आठ महिन्यांच्या कामाला मात्र संशय?

मार्तंड : राग कसला. बरोबर जागी बोट ठेवलंस. अरे, देवापुढं मी वजन करायला जात नाही, हलकं व्हायला जातो. पांडुरंगाला मी कधी दांडीला टांगलं नाही. तू याला टांगलंस, मिलिग्रॅममध्ये बोलायला लागलास. एकदा तराजूत घातलं की तराजूचे नियम पाळायचे, मग तिथं श्रद्धेला मध्ये घेऊ नये. तिचाही अपमान होतो.

कारभारी : बुवा असंच बोलायचे. ह्याचे वडील, गेले ते.

मार्तंड : हो, रंगनाथबुवांचंच आहे. मी फक्त पुढं सरकवतो. वही दे बघू तुझी.

गंधार : कुठली?

मार्तंड : रोजची नोंदवही. काल दाखवलीस ती... हं. अक्षर सुधारलंय. एकोणीस तारीख, चार बोटं. वीस, साडेचार. एकवीस, चार. बावीस, चार. मग एकदम पंचवीस. तेवीस-चोवीस कुठं गेले?

गंधार : लाईटचा घोळ होता दोन दिवस.

मार्तंड : दोन पानं कापलीयत. ब्लेडनं. छान सरळ कापलीयत. चहा निवतोय तुझा.

गंधार : उलटं टांगून पाहिलं होतं. डबा उपडा केला. निमुळती बाजू खाली.

मार्तंड : म्हणजे आता त्यानं खाली ढकलायला हवं. ठिपका खाली.

गंधार : हो.

मार्तंड : मग?

गंधार : वरच गेला.

मार्तंड : किती?

गंधार : साडेतीन बोटं. दोन्ही दिवस. सर, मला वाटलं लाईटचा दाब कमी-जास्त होतोय. मला वाटलं उलटं बसवताना माझीच काहीतरी चूक झाली. सुलट केलं की नीट येत होतं, मग...

मार्तंड : मग चुकलेलं पान वहीत कशाला.

गंधार : हो.

कारभारी : थांबा. मला समजू द्या. बैल पूर्वेला तोंड करून जुंपला तरी गाडी पूर्वेलाच जाती, पश्चिमेला करून जुंपला तरी पूर्वेलाच?

मार्तंड : अगदी.

कारभारी : मग गाडी बैल न्हाई वढत. उतार हाय तितं.

गंधार : काका, प्लीज.

मार्तंड : चिडू नकोस त्यांच्यावर. उतार आहे हे खरं. कुठं आहे ते मलाही दिसत नाहीये. एक सांग, बटण बंद केल्यावर ठिपका खाली येतो का?

गंधार : लगेच नाही. तांबं तापलेलं असतं, निवायला वेळ लागतो.

मार्तंड : निवल्यावर येतो?

गंधार : तेवढा वेळ कोण थांबतंय? मी परत शून्यावर आणतो नि पुढची चाचणी घेतो.

मार्तंड : शून्यावर कसं आणतोस?

गंधार : या टोकाला थोडं वजन लावून. दांडी बारीक आहे, जरासं लागतं.

कारभारी : बरं झालं, वजनावरनं याद आली. छबूनं मला च्या द्यायला न्हाई धाडलेलं. मघाधरनं कनीक हुडकायलीय ती. संध्याकाळी पखवाजाला लावायला वाटीत मळून ठिवली हुती, वाटीच गायब. म्हनली, गंधारनं नेली आसंल, रोजच नेतो.

गंधार : अरे हो, ती माझ्याकडं आहे. तिथं खिडकीत, फडक्याखाली.

कारभारी : तरीच. तुला काय करायचीय रं कनीक? पोळ्या लाटतो का हितं?

गंधार : शून्य करायला. लहानपणी तुम्हीच शिकवलंत ना? बाबांच्या कीर्तनाआधी मी मळून द्यायचो, तुम्ही पखवाजाच्या डाव्या तोंडाला थापायचात. चिमूटभर काढली की आवाज वर, चिमूटभर लावली की खाली. तेच इथं. नट-बोल्ट लावून एवढं बारीक जमत नाही. कणकेनं कसं, जिथं पाहिजे तिथं आणता येतं.

कारभारी : कुठं लावली? दाव बरं.

गंधार : ही काय, डब्याच्या मागच्या काठाला.

कारभारी : पेटी काढ. मला दिसंना... ह्या काचंला आतनं घाम कशाचा आलाय?

गंधार : गरम होतं ना आत.

कारभारी : आन ही कनीक कवाची?

गंधार : मघाचीच. सर यायच्या आधी लावली. तास झाला असेल.

कारभारी : तासाची? हिला चिरा पडल्यात की रं. कडंला खडखडीत झालीय. आन हिकडं ह्या जुन्या पापुद्र्यावर पापुद्रे.

गंधार : डबा तापतो, त्यामुळं वाळते. मग मी वरून ताजी लावतो.

कारभारी : वाळती म्हंजी काय हुतं?

गंधार : म्हणजे...

कारभारी : गंधारा, बावीस वर्सं तुज्या बापामागं पखवाज धरला मी. हल्ली मंडपात त्ये मोठाले हॅलोजन लावत्यात, ते डोक्यावर आले की माझी पंचाईत. अर्ध्या तासात कनीक सुकती, वजन घटतं, नि आवाज आपसूक वर चढतो. आत्ताचे बुवा मागं वळून बघत्यात, कारभारी, आज वरच्या पट्टीत का? मी काय हात लावलेला नसतो. पानी उडून गेलेलं आसतंय. मग मी हळूच बोट भिजवून परत थापतो.

मार्तंड : गंधार, बस जरा.

गंधार : किती लावतो मी? तीन-चार ग्रॅम. त्यातलं दीडशे मिलिग्रॅम पाणी. दहा मिनिटांत.

मार्तंड : थांब. कारभारींनी सांगितलं म्हणून मानू नकोस. मी मान डोलावली म्हणूनही नको. त्यांची कणीकही तराजूत घाल. त्यांचंही चुकू शकतं.

कारभारी : व्हय, घाला की. मी कुठं ब्रह्मदेव हाय.

गंधार : सगळी खरवडून काढतो. तिच्या जागी तांब्याच्या तारेचे तुकडे बांधतो. तार वाळत नाही.

मार्तंड : बांध. आणि आधी वहीत लिही, काय बदललंस ते. ठिपका हलायच्या आधी लिही.

गंधार : लिहिलं. कारभारीकाका, दार लावा. पाचला लाईट जाईल, त्याआधी व्हायला हवं. बटण दाबतोय.

(दहा मिनिटं तिघंही भिंतीकडे बघत बसले. मार्तंडसरांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, घातला. ठिपका चढावा असं त्यांना फार वाटत होतं. म्हणून त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले.)

कारभारी : हलला का?

मार्तंड : सूतभर थरथरला. दाराजवळून ट्रॅक्टर गेला तेव्हा.

गंधार : दहा मिनिटं झाली. अकरा. सर, अजून पाच देऊ?

मार्तंड : दे की. दहा दे.

गंधार : ...नाही. नाही चढत.

कारभारी : डबा तर चांगला तापलाय. हात लावला तर चटका बसंल.

गंधार : चालू आहे ना काका. सगळं नीट चालू आहे. फक्त ढकलत नाहीये.

मार्तंड : पाणी पी.

गंधार : नको. अर्धीच बाजू झाली ही. आता डबा बंद ठेवतो. काका, तुमच्या चाळीतला तो शंभरचा पिवळा बल्ब आणा. ताजी कणीक लावतो नि नुसता बल्ब शेजारी ठेवतो. काय होतं ते मला बघायचंय.

मार्तंड : हे मी सांगणार होतो.

गंधार : माहितीये. म्हणून आधी बोललो.

कारभारी : हा घ्या. वायर जरा तुटकी हाय, जपून.

गंधार : लिहिलं. डबा बंद, कणीक ताजी, बल्ब चालू. चार वाजून एकेचाळीस.

मार्तंड : तेवढ्यात तुला एक विचारू? ती दोन पानं जपून ठेवलीयस की जाळलीस?

गंधार : पाकिटात आहेत. फेकवेनात.

मार्तंड : मग अर्धा तरी शास्त्रज्ञ शाबूत आहे.

कारभारी : चढतोय. सर, बगा, चढतोय! एक बोट... दीड.

गंधार : मला दिसतंय काका.

कारभारी : आयला, माझी कनीक बंगळुरूला निघाली.

मार्तंड : कारभारी.

कारभारी : चुकलं. तोंडातनं गेलं.

गंधार : हसा हो. बरोबर बोललात. आठ महिने मी छबूकाकूंची कणीक वाळवली. लोक पापड वाळवतात, मी कणीक.

मार्तंड : गंधार, तू वाईट काम नाही केलंस. दांडी बघ, किती हलकी झालीय. चिमूटभर पाणी उडालं तर ती सांगते. एवढी इमानी दांडी मी शाळेत तीस वर्षांत पाहिली नाही. ती पहिल्या दिवसापासून खरंच बोलत होती. आपण तिला प्रश्न चुकीचा विचारला.

गंधार : आणि सोमवारी? वीस मिनिटं उभं राहून काय सांगू? आई रोज देवापुढं साखर ठेवतेय. संध्याकाळी मंडपात सत्कार. फोन करून तब्येत बरी नाही सांगावं, झालं.

कारभारी : तुला मिरजगावचं कीर्तन म्हाईत हाय का रं? न्हाई, तू तवा पुण्याला हुतास शिकायला.

गंधार : आता कीर्तन नको काका.

कारभारी : ऐक. सप्त्याचा पाचवा दिवस, हजार मानूस. तुजे वडील आसे रंगात आल्ते, की मला बी भान न्हवतं. एका संताचं म्हनून एक वचन घेतलं नि त्याच्यावर अर्धा तास इमला चढीवला. बाया रडाया लागल्या. तितक्यात मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या टाळकऱ्यानं, शिंपी हुता तो, हळूच कानात सांगितलं, बुवा, ह्ये वचन त्यांचं न्हाई, दुसऱ्याचं हाय, नि अर्थ बी येगळा हाय.

गंधार : मग?

कारभारी : कुनाला कळलं न्हवतं. दाबून नेलं आसतं तर त्यो शिंपी सोडून कुनाला पत्ता लागला नसता. बुवांनी हात वर केला, माझा पखवाज थांबला. वीणेकऱ्याच्या पाया पडले. म्हनले, “मंडळी, अर्ध्या तासापासनं मी तुमाला चुकीचं सांगितलं. ज्यांनी ध्येनात ठिवलं आसंल त्यांनी तेवढं सोडून द्या. आपन परत सुरू करू.” आन त्या शिंप्याला म्होरं बोलावून स्वतःच्या गळ्यातला हार घातला.

गंधार : लोक उठून गेले असतील.

कारभारी : एक बी न्हाई. म्या बावीस वर्सांत लई कीर्तनं वाजीवली. बाकीची सगळी एकात एक मिसळली. तेवढं एक न्यारं ऱ्हायलंय.

गंधार : मला हे घरी कोणी सांगितलं नाही.

मार्तंड : ते सांगणारे नव्हते. ते त्यांच्या दृष्टीनं झालं नि संपलं.

कारभारी : गेली लाईट.

गंधार : पाच वाजले.

मार्तंड : ठिपका बघ.

गंधार : तो बॅटरीवर आहे, दिसणारच.

मार्तंड : तसं नाही. बल्ब गेला. सगळं बंद आहे. तो कुठं आहे?

गंधार : वरच. तीन बोटं वर. गेलेलं पाणी काही परत येत नाही.

मार्तंड : बटण बंद करून थांबला असतास तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं त्यानं.

गंधार : सर, ती पानं परत वहीत चिकटवतो. सोमवारी जाईन मी. उलटं टांगल्याचं दाखवीन, पानं कापल्याचंही सांगीन, मग तार, मग बल्ब. आज जगात आणखी कोणीतरी कुठल्यातरी खोलीत असाच डबा टांगून बसला असेल. त्याच्या डब्यालाही काहीतरी चिकटलेलं असेल, मेण, टेप, काहीही. त्याचे आठ महिने तरी वाचतील.

मार्तंड : वीस मिनिटं पुरणार नाहीत तुला.

गंधार : आणि काका, मंडपात सत्कार नको म्हणून सांगा. कीर्तनाला येतो. मागं टाळ घेऊन उभा राहीन.

कारभारी : शाल परत जाईल. पन नारळ तर फोडायला लागंल, आणून ठिवलाय.

मार्तंड : फक्त माझ्या हातात देऊ नका.

गंधार : कागद दुसरा घेतो. “आज माझ्यासमोर झालेल्या चाचणीत यंत्र वीस मिनिटे चालू होते. ठिपका हलला नाही. नंतर यंत्र बंद असताना, ओल्या कणकेजवळ बल्ब ठेवल्यावर, ठिपका तीन बोटे वर गेला.” चालेल?

मार्तंड : “सूतभर थरथरला” राहिलं.

गंधार : “...सूतभर थरथरला. बाहेरून ट्रॅक्टर गेला.” लिहिलं.

मार्तंड : आण. आता हात थरथरला तरी सही माझीच आहे. खाली कारभारींची घे.

कारभारी : माझी? मी कशाला त्यात? माझं सातवी नापास.

मार्तंड : उतार तुम्हाला दिसला, आम्हाला नाही. करा.

कारभारी : कुठं? हितं? ...झाली. जरा वाकडी आलीय.

गंधार : काका, थांबा थोडं. ही वाटीतली उरलेली तुम्हाला देतो. फडकं ओलं करून झाकतो.

कारभारी : झाक. नि तूच घेऊन चल मंडपात. सात वाजेस्तोवर तिला वाळू द्यायची न्हाई.